जनरेटर घरघरतोय, बॅटरी मात्र भरेना : वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रं उघडली तर निम्म्याहून जास्त एकाच तक्रारीची निघाली, जनरेटर तासन्‌तास चालतो, पेट्रोल संपतं आणि बॅटऱ्या काही भरत नाहीत. म्हणून बाकीचे विषय पुढे ढकलले आणि यातली आठ पत्रं घेतली. काही उत्तरं लांबलीत, काही चार ओळींत आटोपलीत कारण प्रश्नच तेवढा होता. एका पत्रात तर मलाच धारेवर धरलंय, तेही दिलंय.

प्रश्न : आमच्याकडे लाइन आलेलीच नाही. १२ व्होल्ट २०० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या पॅरललमध्ये आहेत, चार्जर २० अँपचा, जनरेटर २ केव्हीएचा पेट्रोलवरचा. बॅटऱ्या निम्म्यावर आल्या की जनरेटर लावतो, आठ-नऊ तास चालवला तरी पूर्ण भरत नाहीत. जनरेटर मोठा घेऊ का?

जनरेटर आहे तोच राहू दे, चार्जर मोठा घ्या.

आधी तुमचाच हिशोब करू. दोन्ही मिळून ४०० एएचपैकी (एएच म्हणजे अँप गुणिले तास) २०० रिकामे, २० अँपने भरायचे तर सरळ भागाकाराने १० तास. पण लेड ॲसिड बॅटरीत (ट्यूब्युलर हा तिचाच प्रकार) घातलेलं सगळं मुरत नाही, १०० परत मिळवायला ११५ च्या आसपास घालावे लागतात, म्हणजे झाले साडेअकरा तास, आणि शेवटी शेवटी करंट आपोआप उतरत जातो तो वेळ वेगळाच. तेव्हा आठ-नऊ तासांत भरत नाही यात बॅटरीची काही चूक नाही, बिचारी वाट बघतेय.

आता जनरेटरच्या बाजूने बघा. २० अँप गुणिले १४ व्होल्ट म्हणजे २८० वॅट, चार्जरमध्ये जे वाया जातं ते धरून साडेतीनशे म्हणा. १८०० वॅट आरामात देणारं इंजिन तुम्ही साडेतीनशे वॅटसाठी दिवसभर फिरवताय, एक पिशवी पोचवायला ट्रक काढल्यासारखं. इंजिन स्वतःला फिरवायला जे पेट्रोल खातं ते लोड असो नसो खातंच. या मापाच्या चांगल्या इन्व्हर्टर जनरेटरचे (लोडप्रमाणे इंजिनचा वेग कमी-जास्त करणाऱ्या) आकडे साधारण असे असतात, ३.६ लिटरची टाकी पाव लोडवर ८ तास पुरते आणि फुल लोडवर सव्वातीन तास. पाव लोड म्हणजे ४५० वॅट, ८ तासांत ३.६ युनिट मिळाले. फुल लोडवर १८०० वॅट, सव्वातीन तासांत ५.८ युनिट. टाकी तीच, पेट्रोल तेवढंच. आणि तुमचा जनरेटर साधा, फिक्स स्पीडवाला असेल तर आणखी वाईट, कारण ५० हर्ट्झ द्यायला त्याला ३००० आरपीएमवर फिरावंच लागतं, मग त्यावर १०० वॅट लावा नाहीतर २०००.

म्हणून ६० अँपचा चार्जर. ४०० एएचला ६० म्हणजे १५ टक्के, ट्यूब्युलर बॅटरीला साधारण १० ते १५ टक्के करंट चालतो, त्यामुळे हे वरच्या टोकाला आलं, तरी बॅटरीच्या कागदावर कंपनीने जो जास्तीत जास्त करंट छापलाय तो बघून घ्या, तिथे ४० लिहिलं असेल तर ४० च. निम्म्यापासून ८० टक्क्यांपर्यंत न्यायचं तर १२० एएच, थोडा लॉस धरून १३०. ६० अँपने सव्वादोन तासांच्या आत, २० अँपने साडेसहा तास. पेट्रोल पहिल्या प्रकारात दीड-पावणेदोन लिटर, दुसऱ्यात अडीच लिटरच्या वर. ऑइल दर १०० तासांनी बदलायचं म्हटलं तर एका पद्धतीत ४५ वेळा चार्ज करून झाल्यावर बदलाल, दुसऱ्या पद्धतीत १५ वेळा झाल्यावरच. आणि कमी लोडवर रोज रोज चालवलेल्या इंजिनचा प्लग काळा होतो तो वेगळा.

८० टक्क्यांपर्यंतच का म्हणालो, तर नळाखाली कळशी भरताना पाणी गळ्याशी आलं की आपण तोटी बारीक करतो, नाहीतर सांडतं. बॅटरीचं तसंच आहे. सुरुवातीला ती ६० च्या ६० अँप घेते आणि तिचा व्होल्टेज हळूहळू चढत जातो, ही बल्क स्टेज. व्होल्टेज १४.४ ला पोचला की चार्जर तिथेच धरून ठेवतो आणि करंट उतरायला लागतो, ६० चे ४०, मग २५, मग १५, ही ॲब्सॉर्प्शन. प्लेटच्या वरवरचं सल्फेट (बॅटरी रिकामी होताना प्लेटवर जमणारा थर) पटकन विरघळलेलं असतं, आतलं राहिलेलं असतं, आणि ते आपल्या वेगाने जातं. त्या वेळी जबरदस्तीने जास्त करंट घातला तर तो पाण्याचे बुडबुडे करण्यात जातो, म्हणजे अक्षरशः सांडतो. हा शेवटचा २० टक्क्यांचा टप्पा तीन-चार तास किंवा जास्तच खातो आणि त्या पूर्ण वेळात जनरेटर पुन्हा पाव लोडच्या खाली. म्हणजे चार्जर कितीही मोठा आणा, हे तास काही कमी होत नाहीत. मीटरवर करंट उतरायला लागला आणि साधारण निम्म्यावर आला की जनरेटर बंद करायला हरकत नाही. पण हे अर्धंच उत्तर आहे, खाली माझ्यावर चिडलेल्या ताईंचं पत्र वाचल्याशिवाय एवढ्यावरच अमलात आणू नका.

प्रश्न : जनरेटरवर बॅटरी चार्ज करायला १२ व्होल्टचं सॉकेट दिलेलंच आहे, वायर पण सोबत आली. मग वेगळा चार्जर कशाला?

त्या सॉकेटवर किती अँप लिहिलंय बघा, बहुतेक ८ च्या आसपास असेल. म्हणजे १०० वॅट. त्यासाठी पूर्ण इंजिन फिरवायचं. शिवाय त्याच्यात स्टेज वगैरे काही नसतं, व्होल्टेज इंजिनच्या स्पीडप्रमाणे वरखाली, भरली की थांबायची अक्कल नाही. गाडीची उतरलेली बॅटरी स्टार्ट होण्यापुरती चार्ज करायला ठीक. घरच्या बँकेला, म्हणजे बॅटऱ्यांच्या संचाला, नको. २३० व्होल्टच्या सॉकेटला चांगला चार्जर लावा.

प्रश्न : माझा जनरेटर १ केव्हीएचा, चार्जर १२ व्होल्ट ४० अँप. ४० गुणिले १२ म्हणजे ४८० वॅट, निम्मा लोड पण नाही. तरी चार्जर चालू केला की जनरेटर ओरडतो आणि मिनिटाभरात ओव्हरलोडचा लाल दिवा लागून बंद पडतो. दुकानदार म्हणतो जनरेटर ओके आहे. कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही, गुणाकार अर्धवट झालाय. चार्ज होताना बॅटरी १२ वर नसते, १४.४ कडे असते, म्हणून ४० गुणिले १४.४ धरा, ५७६ वॅट. हे चार्जरच्या बाहेर पडणारे. चार्जरची एफिशिअन्सी ८० टक्के धरली तर आत जाणारे ७२०. इथपर्यंतही जनरेटरला चालायला हवं. खरी गोम पुढे आहे, पॉवर फॅक्टर.

साधा स्वस्त चार्जर करंट सलग ओढत नाही. एसीची लाट वर चढते, शिखराजवळ पोचली की तेवढ्या क्षणाला चार्जर घटकन एक मोठा घोट घेतो, बाकी वेळ गप्प. ५० हर्ट्झला सेकंदात अशी १०० शिखरं येतात, वरची ५० आणि खालची ५०, म्हणजे सेकंदाला १०० घोट. सरासरी बघितली तर ७२० वॅटच, पण जनरेटरच्या वायंडिंगला आणि त्याच्या इलेक्ट्रॉनिक्सला ते मोठे घोट पुरवावे लागतात. अशा चार्जरचा पॉवर फॅक्टर ०.६ ते ०.७ असतो. ७२० भागिले ०.६५ केलं की ११०० व्हीए, जनरेटरवर पडणारा भार हा (१ केव्हीए म्हणजे १००० व्हीए). तुमच्या जनरेटरवर १ केव्हीए लिहिलंय ते जास्तीत जास्त, सतत देण्याचा आकडा ९०० च्या आसपास असेल, प्लेटवर बारीक अक्षरात रेटेड म्हणून छापलेला असतो. आता लाल दिवा का लागतो ते कळलं असेल.

उपाय दोन. चार्जरला करंट कमी करायची सेटिंग असेल तर २५-३० अँपवर आणा, आजच्या आज काम होईल. किंवा पुढचा चार्जर घेताना पीएफसी असलेला घ्या, म्हणजे पॉवर फॅक्टर करेक्शन, त्याचा आकडा ०.९५ च्या वर असतो. तोच ४० अँप असा चार्जर साधारण ७५० व्हीएमध्ये देतो, म्हणजे तुमचा छोटा जनरेटर आरामात खेचेल आणि वर एखादा दिवा लावायला जागा उरेल. चार्जरच्या खोक्यावर अँप मोठ्या अक्षरात छापतात, पॉवर फॅक्टर शोधावा लागतो, आणि मुळीच लिहिला नसेल तर समजून जा.

आणखी एक करून बघा. जनरेटरवर इको थ्रॉटलचा स्विच असेल तर चार्जर चालू करताना तो ऑफ ठेवा. इकोवर इंजिन मंद फिरत असतं, त्यात एकदम लोड आला की वेग पकडेपर्यंत व्होल्टेज झोपतो, चार्जर घाबरून सुटतो, लोड गेला म्हणून इंजिन पळतं, चार्जर पुन्हा लागतो, असा झोका सुरू होतो. तुमचं ओरडणं म्हणताय ते कदाचित तेच. लोड स्थिर झाला की मग इको लावा हवं तर. आणि उंच डोंगरावर राहत असाल तर दर ३०० मीटरला इंजिनची ताकद साधारण ३-४ टक्क्यांनी कमी होते, तेही धरा.

प्रश्न : सहा-सात महिन्यांपूर्वी याच सदरात तुम्ही लिहिलं होतं की जनरेटर ८० टक्क्यांना बंद करा, पुढचं पेट्रोल वाया जातं. आम्ही अगदी तसंच केलं. आता बॅटऱ्या दोन तासांत बसतात, मेकॅनिक म्हणाला सल्फेट झाल्या, बदला. याला जबाबदार कोण?

ताई, निम्मा तरी मी. त्या उत्तरात जागा कमी पडली म्हणून पुढचं वाक्य गेलं असं म्हणू शकलो असतो, पण खरं म्हणजे मी ते लिहिलंच नव्हतं. ८० टक्क्यांना बंद करा हे रोजचं झालं. पण लेड ॲसिड बॅटरी कायम अर्धपोटी राहिली की प्लेटवरचं उरलेलं सल्फेट कडक होत जातं, आज जे सहज विरघळलं असतं ते महिन्यानंतर चार्जरला दाद देत नाही. तेवढी प्लेट कामातून गेली. म्हणून सात-दहा दिवसांतून एकदा तरी बँक पूर्ण, अगदी शेवटपर्यंत भरायची. हे राहिलं होतं.

मीही माझ्या पहिल्या बॅटऱ्या अशाच मारल्यात, आणि मला तर मॉनिटरवर रोज १०० टक्के दिसत होतं. तो मॉनिटर आत-बाहेर जाणारे अँप मोजतो, आणि त्यात चार्ज एफिशिअन्सीचा आकडा मी ९९ ठेवला होता, जो लिथियमला शोभतो. त्यामुळे रोज थोडी थोडी उधारी राहत गेली आणि मॉनिटर मात्र खातं चोख दाखवत होता. एक दिवस सहज हायड्रोमीटर (ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे दाटपणा मोजायची नळी) काढला, पहिल्या सेलचं ॲसिड वर ओढलं तर आतला फ्लोट वर यायलाच तयार नाही, लाल पट्ट्यात खाली बसून राहिला, १२१५. बाकीचे सेल १२२५, १२३०. भरलेल्या बॅटरीत बॅटरीच्या प्रकाराप्रमाणे १२४० ते १२८० यायला हवं. त्या दिवसापासून मी पाण्याच्या बॅटरीच्या बाबतीत ग्रॅव्हिटीवरच विश्वास ठेवतो.

तुमच्या बॅटऱ्या फेकायच्या आधी एक प्रयत्न करून बघा, पातळ ॲसिडच्या असतील तरच. पूर्ण चार्ज करा, मग चार्जरला इक्वलायझेशन असेल तर ते लावा, व्होल्टेज साडेपंधराच्या वर जातो, बुडबुडे भरपूर येतात, तेव्हा खोली उघडी, जवळपास ठिणगी नाही, नाजूक उपकरणं काढून ठेवलेली. दर अर्ध्या-एक तासाने ग्रॅव्हिटी बघा, वाढायची थांबली की बंद. प्लेट उघड्या पडल्या असतील तर त्या झाकतील इतपतच डिस्टिल्ड वॉटर आधी टाका, बाकीचं चार्ज झाल्यावर. बॅटरी फार गरम लागली तर थांबवा. थोड्या परत येतील, पूर्वीसारख्या होतील असं सांगत नाही. एजीएम किंवा जेल (सीलबंद प्रकार) असतील तर हा प्रकार करूच नका, त्यांच्यात गेलेलं पाणी परत टाकता येत नाही.

आणि पुढच्या बँकेसाठी. सोलर पॅनल थोडं जरी असलं तरी शेवटच्या २० टक्क्यांचं काम त्याला द्या, त्याला घाई नसते आणि त्याला पेट्रोल लागत नाही. ४०० एएचच्या बँकेला तीन-चारशे वॅटचं पॅनल या कामाला पुरतं. पॅनल मुळीच नसेल तर आठवड्यातला एक दिवस ठरवा, त्या दिवशी जनरेटर लांब चालणारच आहे तर पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री सगळं त्याच वेळेला काढा, म्हणजे चार्जर ८-१० अँपवर रेंगाळत असताना इंजिन रिकामं फिरत नाही. १४.४ वर करंट बँकेच्या २ टक्क्यांवर आला, म्हणजे ४०० एएचला ८ अँप, आणि तासभर तिथेच राहिला तर भरली म्हणायची. मग ग्रॅव्हिटी बघून खात्री.

प्रश्न : पॅनल पण आहेत आणि जनरेटर पण. ढगाळ दिवसांत जनरेटर संध्याकाळी लावतो, सूर्य गेल्यावर. बरोबर ना?

उलटं करा. संध्याकाळी बॅटरीत दिवसभराचं जे काही थोडंफार आलेलं असतं त्यामुळे ती आधीच वर असते, करंट लवकर उतरतो आणि जनरेटर रेंगाळतो. पहाटे ती सगळ्यात रिकामी असते, तेव्हा चार्जर देईल तेवढा करंट ती गटागट पिते. उजाडताना तास-दीड तास चालवा, व्होल्टेज चढला की बंद, आणि मग दिवसभर ढगातून जो काही उजेड येईल त्यावर पॅनल शेवटचा टप्पा सावकाश करतील. शिवाय बंद केल्यावर ऊन निघालं तर तुमचं पेट्रोल वाचलं, संध्याकाळी लावणाऱ्याला हा जुगार खेळताच येत नाही. फक्त रात्रीत बॅटरी निम्म्याच्या फार खाली जाणार असेल तर मात्र संध्याकाळीच थोडा वेळ लावून घ्या.

प्रश्न : चार्जर ६० अँपचा घेतला, नवा कोरा. त्याच्या डिस्प्लेवर वीस मिनिटांत १४.४ येतं आणि तो ॲब्सॉर्प्शनला जातो, करंट उतरतो. बॅटऱ्या तर रिकाम्या आहेत. चार्जर परत करू का?

परत करायच्या आधी मल्टिमीटर घ्या. चार्जर फुल करंटवर असताना आधी चार्जरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, मग तसंच उठून बॅटरीच्या पोलवर मोजा, लगवर (वायरच्या टोकाच्या कडीवर) नाही, खालच्या शिशाच्या पोललाच टोक टेकवून. माझी पैज आहे की पहिल्या ठिकाणी १४.४ आणि दुसऱ्या ठिकाणी पावणेचौदाच्या आसपास दिसेल.

तुम्ही पत्रात लिहिलंय की वायर १० स्क्वेअर एमएम आहे आणि चार्जर भिंतीवर ३ मीटर लांब. ३ मीटर जायचं आणि ३ यायचं, ६ मीटर. १० स्क्वेअरच्या तांब्याचा रेझिस्टन्स मीटरला साधारण १.८ मिलिओहम, सहा मीटरचा ११ मिलिओहम. ऐकायला काहीच नाही, पण त्यातून ६० अँप गेले की ०.६६ व्होल्ट तिथेच पडला. चार्जर बिचारा स्वतःच्या टर्मिनलवर बघतो, त्याला वाटतं आलं १४.४, झालं काम, आणि करंट सोडायला लागतो. बॅटरीपर्यंत पोचलेत १३.७. आणि ६० अँपवर ०.६६ व्होल्ट म्हणजे जवळपास ४० वॅट वायर तापवण्यात चाललेत, हात लावून बघा, कोमट लागेल. हे सगळं जनरेटरच्या वेळेत मोजलं जातंय, रोज तासभर जास्त चालत असेल.

३५ स्क्वेअर टाका, तोच ड्रॉप ०.२ व्होल्टच्या आत येतो. त्याहून सोपं म्हणजे चार्जर बॅटरीजवळ आणा, एका मीटरवर. पण बॅटरीच्या बरोबर डोक्यावर नको, ॲसिडची वाफ वर जाते आणि सर्किट बोर्ड खाते. चार्जरला व्होल्टेज सेन्सच्या दोन बारीक तारा असतील तर त्या थेट पोलवर जोडा. लग नीट प्रेस केलेले आहेत ना तेही बघा, पक्कडीने चेपलेला लग ६० अँपला तापतोच. आणि टेंपरेचर सेन्सर खोक्यातच पडून असेल तर काढून बॅटरीला चिकटवा, कारण १४.४ हा आकडा २५ अंशांचा आहे, पहाटे बॅटरी १० अंशांवर असेल तर तिला १४.७५ च्या आसपास लागतात, नाहीतर थंडीभर ती अर्धपोटीच राहील.

प्रश्न : लिथियम फॉस्फेटची २०० एएच बॅटरी घेतोय. जनरेटरवर चार्ज करायला वरचे सगळे नियम तिलाही लागू का?

बरेच गळून पडतात, आणि जनरेटरवर जगणाऱ्या माणसाला लिथियमचा खरा फायदा हाच आहे, सायकल किती मिळतात वगैरे नंतर. ती ९५ टक्क्यांपर्यंत जवळजवळ पूर्ण करंट घेते, रेंगाळणारी शेपूट फार छोटी. घातलेल्यातलं ९५ टक्क्यांच्या वर परत मिळतं. आणि अर्धवट भरलेली ठेवली तर तिला काही होत नाही, उलट कायम १०० वर ठेवलेलंच तिला आवडत नाही. म्हणजे वरच्या ताईंनी केलं तसं रोज ८० ला बंद केलं तरी चालतं, फक्त अधूनमधून पूर्ण भरा म्हणजे सेल बॅलन्स होतात आणि बीएमएसचा (बॅटरीतल्या राखणदार सर्किटचा) हिशोब जागेवर येतो.

करंट साधारण ०.५ सी (एएचच्या आकड्याच्या निम्मे अँप), म्हणजे २०० एएचला १०० अँप चालतो, बॅटरीच्या कागदावर बघून. १०० अँप म्हणजे बॅटरीत १४०० वॅट आणि जनरेटरवर साडेपंधराशे-सोळाशे. आता उलटं होतं, बॅटरी दमत नाही, जनरेटर दमतो. लेड ॲसिड दोन तासांनी स्वतःच करंट कमी करून त्याला आराम देत होती, ही शेवटपर्यंत ओढतच राहते. म्हणून रेटेडच्या ७०-८० टक्क्यांवर बसेल असा करंट सेट करा, २ केव्हीएच्या जनरेटरला ८०-९० अँपच्या वर जाऊ नका. लेड ॲसिडचा जुना चार्जर वापरायचा असेल तर इक्वलायझेशन आणि डिसल्फेशन ऑटोमॅटिक लागत नाही ना ते बघा, तसलं काही असेल तर तो चार्जर नकोच. शून्य अंशाच्या खाली चार्ज करायचं नाही, सेल आतून कायमची खराब होते. चांगला बीएमएस थांबवतो, तरी त्याच्या भरवशावर बसू नका.

प्रश्न : पावसात जनरेटर भिजतो म्हणून मागच्या पडवीत ठेवते, दार उघडंच असतं. वायर पण आखूड पुरते आणि लॉस कमी होतो. चालेल ना?

नाही चालणार, आणि या एका गोष्टीत मी घासाघीस करत नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, माणसाला फक्त डोकं जड झाल्यासारखं आणि झोप आल्यासारखं वाटतं आणि तो झोपतो. उघडं दार, उघडी खिडकी, चालू पंखा यातलं काहीच पुरेसं नाही. घरापासून किमान ६ मीटर लांब, सायलेन्सरचं तोंड घराकडे नको, वर पावसापुरता पत्रा आणि चारी बाजू मोकळ्या. घरात एक सीओ अलार्म लावा.

लॉसची काळजी करताय ती १२ व्होल्टच्या वायरची करा, वर ६० अँपवाल्यांना सांगितलं तशी. २३० व्होल्टला १००० वॅट म्हणजे साडेचार अँपसुद्धा नाहीत. अडीच स्क्वेअरची २० मीटर केबल टाकलीत तर जाऊन-येऊन ०.३ ओहम, ड्रॉप सव्वा-दीड व्होल्ट, २३० मधले. कळणार पण नाही. तेव्हा जनरेटर लांब, २३० ची केबल लांब, चार्जर बॅटरीजवळ आणि त्याची १२ व्होल्टची वायर जाड आणि आखूड. बॅटऱ्या पण पडवीतच असतील तर त्यांच्या वरच्या बाजूला हवा जायला फट ठेवा, चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हलका असतो, तो छताखाली साठतो आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेटतो.